१००८ तास : एका अफवेचा घटनाक्रम

ब्रॉयलर कोंबडीचा हिशेब ४२ दिवसांचा असतो. तासांत मोजले तर १००८. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचे, एक दिवसाचे पिल्लू शेडमध्ये सोडले की सहा आठवड्यांत ते सव्वादोन किलोच्या आसपास भरते आणि एका रात्री गाडीत चढते. त्यानंतर पक्षी ठेवायचा म्हटले तर तो खातो जास्त, वाढतो कमी, आणि उन्हाळा तोंडावर असेल तर मरतोही. कांदा चाळीत ठेवता येतो, मका पोत्यात ठेवता येतो, पण कोंबडी थांबत नाही. म्हणून या धंद्याविषयी उठलेल्या अफवेला उत्तर देण्याची मुदत पहिल्या दिवसापासूनच ठरलेली असते.

३० जानेवारी २०२० रोजी देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण केरळात त्रिशूरला सापडला. त्याच संध्याकाळी नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या एखाद्या शेडमध्ये पिल्ले उतरली असतील, तर त्यांची मुदत १२ मार्चच्या संध्याकाळी भरत होती. पुढचा घटनाक्रम त्या शेडमधून पाहिलेला आहे. हे शेड कुणा एकाचे नाही. पाच हजार पक्ष्यांचे, कांद्याच्या आणि मक्याच्या वावरांमध्ये पत्र्याखाली उभे, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात असते तसे एक शेड मी हिशेबासाठी धरले आहे. त्याच्या आतले आकडे या धंद्यातले नेहमीचे आहेत. बाहेरच्या घटना मात्र घडलेल्या आहेत.

३० जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी ६. शिल्लक १००८ तास.

तालुका त्या दिवशी वेगळ्याच दुःखात होता. दोनच दिवसांपूर्वी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि अ‍ॅपे रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली होती. २६ माणसे गेली. त्रिशूरची बातमी कुणी ऐकली असेल, तर ती दूरची म्हणून सोडूनही दिली असेल.

शेडमध्ये तूस अंथरलेले आहे, ब्रूडर तापवून ठेवले आहेत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना तेहेतीस-चौतीस अंशांची ऊब लागते, म्हणून घरातले कुणीतरी रात्री उठून पडदे पाहते. शेतकऱ्याने हे शेड हौसेने घातलेले नाही. सप्टेंबर २०१९ पासून कांद्याची निर्यातबंदी चालू होती. खरिपात मक्यावर लष्करी अळी पडली होती, त्यामुळे मका महागला आणि त्याबरोबर कोंबडीखाद्यही महागले. कांद्याने मारले तर सहा-सात आठवड्यांनी हातात काहीतरी पडावे, यासाठी शेड.

या धंद्याचे दोन प्रकार आहेत आणि पुढचे समजायला ते ठाऊक हवेत. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, मेहनत शेतकऱ्याची. आणि त्याला वजनावर संगोपनाचे पैसे मिळतात. दुसऱ्या प्रकारात सगळे शेतकऱ्याचे असते, कर्जासकट. पहिल्यात तोटा आधी कंपनीला लागतो आणि मग रिकाम्या शेडच्या रूपाने शेतकऱ्याकडे येतो. दुसऱ्यात तो थेट घरात येतो.

२ फेब्रुवारी, रविवार. शिल्लक ९३६ तास.

रविवार हा चिकनच्या दुकानाचा दिवस. या आठवड्यापासून गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून विचारू लागले. बंगळुरूमध्ये कोरोना झालेली कोंबडी सापडली, असा मजकूर आणि सोबत आजारी, सुजलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे देशभर फिरत होती. कोंबड्यांना राणीखेत होतो, गंबोरो होतो, इतरही रोग होतात; अशा आजारी पक्ष्यांची छायाचित्रे हवी तेवढी मिळतात. त्यावर नवा मथळा चिकटवला की काम झाले.

ही अफवा एवढ्या सहज का पटली? वुहानमधल्या प्राण्यांच्या बाजाराचे नाव बातम्यांत होतेच. ब्रॉयलरला इंजेक्शने देऊन फुगवतात, हा समज कित्येक वर्षे घरोघर आहे आणि तो खोडण्याचे काम धंद्याने कधी मनापासून केले नाही. पण तिसरे कारण मला सगळ्यांत मोठे वाटते, आणि ते आपल्या जवळच्याच जिल्ह्यातले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हा कोंबड्या मरत असताना कुक्कुट उद्योगातली काही मंडळी हा साधा राणीखेत आहे असे सांगत राहिली. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणू असल्याचे नक्की केले आणि लाखो पक्षी मारावे लागले. त्या वर्षी उद्योगाने 'काही नाही' म्हटले आणि ते खोटे निघाले. चौदा वर्षांनी त्याच उद्योगाने 'काही नाही' म्हटले, ते पूर्ण खरे होते, आणि लोकांनी मानले नाही. खोट्या अफवेच्या दिवशी कामी येणारा विश्वास खऱ्या संकटाच्या दिवशी कमवावा लागतो. नवापूरला तो गमावला होता.

तरीही या रविवारी पुष्कळ करता आले असते. अफवा आल्याचे सर्वांत आधी कळले ते कोपऱ्यावरच्या चिकनविक्रेत्याला. गिऱ्हाइकाने किलोऐवजी अर्धा किलो मागितले, चौकशी केली, परत गेले, हे त्याने पाहिले. पण त्याच्याकडून ही खबर वर जायला रस्ताच नव्हता. तो व्यापाऱ्याला 'आज उठाव कमी' एवढेच सांगतो. व्यापारी दर उतरवतो. कंपनीच्या कार्यालयात तो उतरलेला दर फक्त आकडा म्हणून पोचतो. कारण विचारायला कुणी फोन करत नाही.

तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पशुधन विकास अधिकारी असतात. ज्यांच्या गोठ्यात ते रात्री-अपरात्री गाय सोडवायला आले, त्या घरांत त्यांचा शब्द चालतो. त्या अधिकाऱ्यांनी आपल्या नावाने, तारखेसह, एक मिनिटाचे बोलणे मराठीत आणि अहिराणीत ध्वनिमुद्रित करून दिले असते आणि तेच प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहून लागले असते, तर ९३६ तास हातात होते. हा आजार माणसाकडून माणसाला होतो, तालुक्यातल्या कोंबड्यांची आम्ही तपासणी करतो, शिजवलेले चिकन खा: इतकी तीन वाक्ये पुरली असती. अफवेचा उल्लेखही नको. 'चिकनमधून कोरोना होतो ही अफवा आहे' असा फलक लावला की घाईत जाणारा माणूस त्यातले पहिले तीनच शब्द वाचतो.

या आठवड्यात शेडमध्ये राणीखेतवरची लासोटाची लस देण्याची वेळ आली असेल. ती ठरल्या दिवशी द्यावी लागते, उशीर चालत नाही, हे प्रत्येक कुक्कुटपालकाला पाठ असते.

१० फेब्रुवारी, सोमवार. शिल्लक ७४४ तास.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचे पशुसंवर्धन आयुक्त डॉ. प्रवीण मलिक यांचे पत्र बाहेर आले. या विषाणूच्या प्रसारात कोंबड्यांचा संबंध जगात कुठेही आढळलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागानेही त्याच सुमारास लोकांना आवाहन केले आणि अफवा पसरवणाऱ्यांविरुद्ध सायबर पोलिसांकडे तक्रार दिली.

दोन्ही गोष्टी योग्य होत्या. पण पत्र कसे पोचले ते पाहा. दिल्लीच्या कार्यालयातले इंग्रजी पत्र, त्याचे मोबाइलवर काढलेले तिरके छायाचित्र, आणि ते पुढे पाठवणारे कोण, तर कोंबडी विकणारेच. अफवा पाठवणारा मात्र मामेभाऊ होता, शाळेतला मित्र होता, बचतगटातली ताई होती. त्यांचा त्यात काही फायदा नव्हता, म्हणून त्यांचे म्हणणे खरे वाटले. ज्याचा माल आहे त्याने 'माझा माल चांगला' म्हणण्याला बाजारात फारशी किंमत नसते. त्यासाठी ज्याचा माल नाही असा माणूस बोलावा लागतो: डॉक्टर, शाळेतले विज्ञानाचे गुरुजी, आशाताई, गावचा सरपंच. त्यांना विनंती करायला गावागावांत कुणीतरी जायला हवे होते. कंपन्यांचे पर्यवेक्षक रोज शेडवर येतात, वजन घेतात, मरतुक लिहितात. त्यांच्या दुचाकीला सरपंचाच्या दारी थांबायला दहा मिनिटे लागली असती.

पोलिसांकडच्या तक्रारीबद्दलही इथेच बोलतो. तक्रार करावीच. मजकूर, तो आलेला क्रमांक, तारीख, वेळ, सगळे जपून ठेवावे. तेव्हा भारतीय दंड विधानाचे कलम ५०५ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ आहे. पण कायद्याची गती आपल्या पक्ष्यांच्या गतीशी जुळत नाही. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्या चंद्र-ताऱ्यांच्या चिन्हात सैतानाची खूण असल्याची अफवा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फिरत होती. कंपनीने खटले लढवले, चिन्ह मालावरून काढले, आणि १९९५ मध्ये ती अफवा पुन्हा पसरवणाऱ्या चौघा वितरकांविरुद्ध १ कोटी ९२ लाख डॉलरच्या भरपाईचा निवाडा तिला मिळाला तो २००७ मध्ये. आपल्याकडे कुरकुऱ्यात प्लास्टिक असल्याचा मजकूर हटवण्यासाठी पेप्सिको २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि समाजमाध्यमांवरच्या हजारो नोंदी काढण्याचा आदेश तिने मिळवला. एवढी ताकद असलेल्या कंपन्यांना जे जमते ते पाच हजार पक्ष्यांच्या शेडला जमत नाही, आणि जमले तरी निकाल हाती येईपर्यंत त्या शेडमधून कितीतरी बॅचा गेलेल्या असतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, महाशिवरात्र. शिल्लक ४८० तास.

उपवासाचा दिवस, दुकाने तशीही शांत. पक्षी २२ दिवसांचे झाले आहेत, किलोच्या आसपास आले आहेत. आता त्यांची भूक रोज वाढते.

दर उतरताहेत. धंद्यात अशा वेळी सगळे म्हणतात, आठ दिवसांत निवळेल. पण अफवा आपोआप निवळतेच असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पुढे पाठवण्यावर पाच जणांची मर्यादा होती, ती जुलै २०१८ मध्ये भारतात आली. ती कशामुळे आली हे आपल्या भागाने विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. बागलाण (सटाणा) तालुक्याची शीव ओलांडली की साक्री तालुका लागतो. मोबाइलवरचा खोटा मजकूर कुठवर नेऊ शकतो, हे एवढ्या जवळ घडून दोन वर्षेही झाली नव्हती. तरीही 'निवळेल' या शब्दावर आपण थांबलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. शिल्लक ३१२ तास.

हैदराबादेत कुक्कुट उद्योगाने मोठा कार्यक्रम केला. के. टी. रामाराव, एटेला राजेंदर, तलसानी श्रीनिवास यादव या तेलंगणाच्या मंत्र्यांनी मंचावर सर्वांसमोर चिकन खाल्ले. दुसऱ्या दिवशी उत्तर प्रदेशात गोरखपूरला कुक्कुटपालकांच्या संघटनेने चिकन मेळा भरवला. तीस रुपयांत थाळी, आणि हजार किलो चिकन संपले.

मंत्र्यांनी खाल्ले ते चांगले केले. पण तोवर अफवेला महिना होत आला होता. पहिल्या आठवड्यात लोकांच्या मनात प्रश्न होता, तेव्हा उत्तर पुरेसे होते. चौथ्या आठवड्यात चिकन न आणणे ही घराची सवय झाली होती. सुनेने विचारले, सासूने नको म्हटले, मुलांनी शाळेत ऐकले, विषय संपला. मंचावरचा मंत्री स्वयंपाकघरातला निर्णय फिरवू शकत नाही.

स्वस्त थाळीबद्दल मी जास्त कडक आहे. ज्या मालावर आरोग्याचा संशय आहे त्याची किंमत पाडली की संशय पक्का होतो. मार्चमध्ये रस्त्याकडेला टेम्पो लावून शंभर रुपयांत दोन-दोन, तीन-तीन कोंबड्या विकल्या गेल्या. विकणाऱ्याचा नाइलाज होता, खाद्याचे पैसे तरी सुटावेत एवढीच त्याची आशा होती. पण समोरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाने त्यातून एवढेच वाचले की यात नक्की काहीतरी आहे, नाहीतर इतके स्वस्त कोण देईल. त्याच दिवसांत मटण महाग होत गेले, आणि महाग असल्यामुळेच ते चांगले वाटत राहिले. दर पाडण्याऐवजी पिल्ले कमी टाकण्याचा निर्णय फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एकत्र बसून घेतला असता, तर मार्चमध्ये बाजारात येणारे पक्षीच कमी झाले असते. असा निर्णय एकटा शेतकरी घेऊ शकत नाही. तो कंपन्यांचा आणि उबवणी केंद्रांचा होता.

५ मार्च, गुरुवार. शिल्लक १६८ तास.

एक आठवडा उरला. देशातली आठवड्याची विक्री साडेसात कोटी पक्ष्यांवरून साडेतीन कोटींवर आल्याचे गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटचे प्रमुख बलराम यादव यांनी या सुमारास सांगितले. उत्पादनखर्च किलोला ७५ रुपयांच्या घरात, आणि शेडवरचा दर ३०-३५ रुपये.

आपल्या शेडचा हिशेब घालू. पाच हजार पक्षी, सरासरी २.२ किलो, म्हणजे ११,००० किलो वजन. खर्च सव्वाआठ लाख. पस्तीसच्या दराने हातात येणार पावणेचार लाखांहून थोडे अधिक. म्हणजे जवळजवळ साडेचार लाखांचा खड्डा, आणि अजून तळ आलेला नव्हता.

९ मार्च, सोमवार, होळी. शिल्लक ७२ तास.

पुण्यात महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले. दुबईहून परतलेले पती-पत्नी. बातमीतच कारण होते: प्रवास. कोंबडीचा त्यात संबंध नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी धुळवड होती, आणि वर्षातला हा मांसाहाराचा मोठा दिवस हातातून गेला.

या बातमीतच बाजू पालटण्याची संधी होती, हे मला आजही वाटते. आजार कुठून आला हे पहिल्यांदाच आपल्या राज्यात, आपल्या भाषेत, नेमके सांगितले जात होते. त्या रात्री प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी एकच वाक्य असायला हवे होते: रुग्ण विमानाने आले, शेडमधून नाही. पण तोवर दुकानदार एकटे पडले होते. काहींनी शटर ओढले होते.

१० मार्च, मंगळवार, धुळवड. शिल्लक ४८ तास.

याच दिवसांत बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातून एक चलच्चित्र देशभर गेले. एका कुक्कुटपालकाने सुमारे सहा हजार जिवंत कोंबड्या खड्ड्यात ओतल्या आणि पुरल्या. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या एका कुक्कुटपालकाने पावणेदोन लाख पिल्ले आणि लाखो उबवणीची अंडी नष्ट केली.

त्यांना दोष देणारा मी कोण? रोजचे खाद्य घालायला पैसे नाहीत, विकले तर वाहतूकही निघत नाही, अशा कोंडीत ते होते. त्या पक्ष्यांचे जे झाले ते पाहवत नाही, आणि ज्याने त्यांना वाढवले त्याला तर ते अधिकच असह्य असणार. पण ते चलच्चित्र पाहणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना कारण दर आहे हे कळले? पुष्कळांनी पाहिले ते एवढेच की कोंबड्या पुरतात, म्हणजे रोग आहे. नवापूरला असेच पुरले होते. अफवेने हानी केली आणि त्या हानीचे छायाचित्र अफवेचा पुरावा बनले. संकटात सापडलेल्या माणसाने काय चित्रित करावे हे त्याला कोण सांगणार? हे सांगण्याचे काम संघटनेचे होते, आणि त्याआधी त्याला खाद्याची उधारी मिळवून देण्याचे.

११ मार्च, बुधवार, रात्री १०. शिल्लक २० तास.

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. शेडमध्ये पक्षी गच्च झालेत. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी गाडीत भरण्याच्या, आधी काही तास खाद्य उचलून ठेवतात, म्हणजे वाहतुकीत पक्षी दगावत नाहीत. गाडी येईल का, हे विचारायला फोन.

मध्यरात्र. शिल्लक १८ तास.

व्यापारी म्हणतो, उद्या बघू. मालेगावची गाडी भरलेली परत आली. खाद्याची भांडी पुन्हा भरायची. या वयाचा पक्षी दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खातो. पाच हजार पक्ष्यांना तासाला चाळीस किलोच्या आसपास लागते. किलोला तीस रुपये धरले, तर दर तासाला बाराशे रुपये.

पहाटे ४. शिल्लक १४ तास.

नेहमीच्या बॅचला या वेळी शेवटचा क्रेट चढलेला असतो. गाडी भावडबारी घाट उतरलेली असते आणि घरचे झोपायला गेलेले असतात.

सकाळी ८. शिल्लक १० तास.

दर दहाच्या आसपास बोलला जातो. काही ठिकाणी त्याहूनही खाली. दहाने ११,००० किलोचे एक लाख दहा हजार होतात. नुसत्या खाद्याची उधारी याच्या कितीतरी पट.

दुपारी २. शिल्लक ४ तास.

पत्रा तापला आहे. मार्चच्या उन्हात सव्वादोन किलोचा पक्षी चोच उघडून धापा टाकतो. पंखे, फवारणी, पडद्यांवर पाणी.

१२ मार्च, गुरुवार, संध्याकाळी ६. शिल्लक शून्य.

मुदत भरली. पक्ष्यांमध्ये रोग नाही. लसी वेळेवर, मरतुक नेहमीएवढी, वजन चांगले. पाच हजार निरोगी पक्षी, आणि घ्यायला कुणी नाही.

पुढचे थोडक्यात. १५ मार्चपासून कांद्याची निर्यात खुली झाली. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला. २४ मार्चच्या मध्यरात्री, मुदत उलटून २९४ तास झाले असताना, देश बंद झाला. गाड्या, मजूर, खाद्य, सगळे अडकले. करारातल्या कितीतरी शेडमध्ये नवी पिल्ले आलीच नाहीत. मक्याचे भाव पडले, कारण मका खाणाऱ्या कोंबड्याच राहिल्या नव्हत्या. चिकन न खाणाऱ्यांचा फटका अखेरीस मका पिकवणाऱ्याच्या वावरात पोचला. देवळ्यातल्या ज्या घराने आयुष्यात कोंबडी पाळली नाही त्यानेही या अफवेची किंमत मोजली.

आणि मग एप्रिल-मे आला. रुग्ण वाढत होते, भीती फेब्रुवारीच्या शंभरपट होती, मालेगाव तर राज्यातले मोठे संसर्गकेंद्र झाले होते. नेमक्या त्याच दिवसांत चिकनला मागणी परतली. पक्षी उरले नव्हते, म्हणून दुकानातला दर दोनशेच्या पुढे गेला. डॉक्टर प्रथिने खा म्हणत होते, अंडी खा म्हणत होते. माणसांपासून दूर राहायचे आहे हे लोकांना स्वतःच्या गल्लीत कळले, आणि कोंबडीचा विषय कुणी न सांगता मिटला. म्हणजे लोक अडाणी नव्हते. त्यांना आजार कसा पसरतो हे समजले त्या दिवशी त्यांनी चिकन आणले. ते समजावून सांगण्याचे काम फेब्रुवारीच्या पहिल्या तीन दिवसांतही करता आले असते.

मे महिन्यात टोमॅटोची पाळी आली. महाराष्ट्रातल्या टोमॅटोत कोरोनाहून भयंकर विषाणू असल्याचे एका हिंदी वृत्तवाहिनीने दाखवले आणि संगमनेर, अकोले, नारायणगाव, नाशिकच्या उत्पादकांचे धाबे दणाणले. वनस्पतीचा विषाणू माणसाला होत नाही, ही शाळेतली गोष्ट. पण या वेळी उत्तर वेगाने आले. शेतकरी संघटना आणि किसान सभा काही दिवसांतच रस्त्यावर उतरल्या, नमुने बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले, कृषी शास्त्रज्ञ नाव घेऊन मराठीत बोलले. नुकसान झाले, पण धंदा बसला नाही. चिकन आणि टोमॅटो यांत फरक पडला तो बोलणाऱ्यांमुळे आणि त्यांच्या वेळेमुळे.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला खरा बर्ड फ्लू आला. तो दडवला गेला नाही. पक्षी मारले, परिसर बंद केला, आणि नीट शिजवलेले चिकन खाण्यास हरकत नाही हे सरकारने त्याच वेळी सांगितले.

देवळा, कळवण, सटाणा, मालेगावच्या कुक्कुटपालकांना, चिकनविक्रेत्यांना आणि त्यांना पिल्ले देणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. पुढची बॅच टाकण्याआधी एकदा एकत्र बसा. अफवा पहिल्यांदा ज्याच्या कानावर येईल त्याने कुणाला फोन करायचा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी कोण बोलणार, सरपंचाकडे आणि आशाताईंकडे कोण जाणार, पहिल्या तीन दिवसांत दर कुणी पाडायचा नाही, आणि अडकलेल्या शेडला खाद्य कुठून द्यायचे, ही नावे आणि क्रमांक कागदावर लिहा आणि तो कागद प्रत्येक दुकानात, प्रत्येक शेडच्या दाराला लावा. पक्ष्यांच्या लसीची तारीख तिथे लिहिलेली असते, तिच्याच शेजारी.